पाडव्याचा कोरा फळा

यंदाच्या गुढीपाडव्याला, सकाळी पावणेसात वाजता, आमच्या मुलुंडच्या वसाहतीच्या फाटकाजवळचा फळा कोरा होता. श्री. यशवंतराव ऊर्फ भाऊसाहेब पेठकर यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मी इथूनच सुरुवात करणार आहे. गौरव समितीचे अध्यक्ष नाना प्रधान यांनी मला बजावले होते, "मेट्रनबाई, गोड लिहा हं. सणासारखं." गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मी इस्पितळात मेट्रन होते, आणि जे दिसते ते लिहायची मला सवय आहे.

भाऊसाहेबांची माझी पहिली गाठ मी इथे राहायला आले त्या दिवशी पडली. सामान अजून टांग्यातच होते. फाटकाजवळ एक गृहस्थ काळा रंग दिलेल्या पत्र्याच्या फळ्यावर खडूने लिहीत होते: पाणी किती वाजता येणार, कोणत्या जिन्याची धुलाई, गटारे कधी उपसणार. मागे वळून न पाहता ते म्हणाले, "तळमजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाचं सामान ना? नळाचा वॉशर कालच बदलून घेतलाय."

मला लगेच संशय आला. माझ्या नळाशी या गृहस्थांचा काय संबंध? चौकशी केली तेव्हा कळले की ते वसाहतीचे चिटणीस आहेत, गोदीच्या कचेरीतून निवृत्त झाले आहेत आणि हे सारे काम विनावेतन करतात. विनावेतन म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला. फुकट राबणाऱ्या माणसाला दुसरीकडून काहीतरी मिळत असले पाहिजे, असे माझे मत होते आणि आजही बहुतेकांच्या बाबतीत आहे.

म्हणून मी लक्ष ठेवले. झाडूवाले आधी कोणाचा जिना झाडतात? भाऊसाहेबांचा सगळ्यात शेवटी. टाकी धुतली की पहिले स्वच्छ पाणी कोणाच्या मोरीत पडते? दुसऱ्या इमारतीत, कारण तिथे बाळंतीण होती. डी.डी.टी. फवारणारे आले तेव्हा भाऊसाहेबांच्या घरातली भांडी, गाद्या, देव सारे अंगणात आधी आले. मी म्हटले, पकडले! आपले घर पहिले! जाऊन पाहते तो त्यांनी फवारणाऱ्यांची आपल्या घरी शिकवणी चालवली होती. "हे पाहा, फोटोवर उडवायचं नाही, पिठाच्या डब्याला झाकण आहे का बघायचं, आणि म्हातारं माणूस असेल तर आधी बाहेर बसवायचं. माझ्या घरी काय चुका करायच्या त्या करून घ्या, मग पुढे जा." त्यांच्या सासऱ्यांच्या तसबिरीवर तो पांढरा डाग अजून आहे. इंदिरावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, तो आल्यागेल्याला दाखवतात.

फळ्याबद्दलही लिहिले पाहिजे. बाहेरच्या वाचकाला वाटेल, पाण्याच्या वेळा लिहिण्यात कसला गौरव? पण आमच्या वसाहतीत माणसे सकाळी दुधाला निघताना आधी फळा वाचतात. फळ्यावर नाही ते घडलेच नाही, असे समजतात. भाऊसाहेबांनी त्यावर कधी कोणाची उणीदुणी लिहिली नाहीत. जिन्यात कोळशाची पोती ठेवणाऱ्याचे नाव सगळ्यांना ठाऊक होते. फळ्यावर आले ते एवढेच: "पहिल्या जिन्यात संध्याकाळी उजेड कमी असतो. चालणाऱ्यांना वाट मोकळी असावी." पोती त्याच दिवशी हलली.

मी विषमज्वराने पडले होते तेव्हा कोणाला कळवू नका असे मी त्यांना बजावले होते. फळ्यावर ओळ आली: "तळमजल्यावर विश्रांती चालू आहे. टांगे फाटकाबाहेरच थांबवावेत." मी बरी झाल्यावर तावातावाने विचारले, "हे कोणाच्या परवानगीनं?"

"नाव कुठं लिहिलंय, बाई?"

"तळमजल्यावर एकटी मीच राहते!"

"मग ते टांगेवाल्यांना कसं ठाऊक असणार?" असे म्हणून ते पुढच्या जिन्याकडे निघून गेले. या माणसाशी भांडण करणे फार अवघड आहे.

आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षभरात फळ्यावरची अक्षरे मोठी होत गेली. सगळ्यांनी कौतुक केले. "म्हाताऱ्यांचा किती विचार करतात!" मग फळ्यावर आडव्या सुतळ्या आल्या, चार खिळ्यांना ताणून बांधलेल्या. नाना म्हणाले, "काय टापटीप! ओळ जराही वाकडी नाही." मग एकदा आदल्या दिवशीचा मजकूर न पुसताच त्यावर नवा लिहिला गेला. टाकीची धुलाई आणि सत्यनारायण एकमेकांत अडकले. फाटकाशी घोळका हसत उभा होता. "भाऊसाहेबांनी कोडं घातलंय! सोडवणाऱ्याला प्रसाद!"

मी हसले नाही. नन्सच्या शाळेत शिकले, तिथे एक धडा पक्का झाला: एखादी मुलगी एकाएकी फार नीटनेटकी झाली की तिची वही तपासावी. मी खिडकीतून पाहू लागले. भाऊसाहेब लिहिण्याआधी सुतळीवरून बोट फिरवत. पायरी उतरताना आधी टाच टेकवत. समोरून येणाऱ्याला ते हाक मारीत नसत, आधी त्याला बोलू देत. सारी वसाहत म्हणे, किती नम्र झालेत!

पाडव्याच्या सकाळी फळ्याकडून किरकिर असा आवाज आला. खडूचा तसा आवाज येत नाही, म्हणून मी बाहेर आले. भाऊसाहेब सुतळी धरून लिहीत होते. धुतलेले धोतर, कोट, टोपी. लिहून झाल्यावर हात झटकले, दोन पावले मागे सरकले आणि माझ्या चपलांच्या आवाजाकडे वळून प्रसन्नपणे म्हणाले, "वाचा, बाई. आज सणाचं पाणी तासभर जास्त. मोठ्या मुश्किलीनं मिळवलंय."

फळ्यावर काहीही नव्हते. नातवाच्या पाटीपूजनासाठी इंदिरावहिनींनी घरच्या कोनाड्यात नवी पाटी, फुले आणि पाटीवरच्या पेन्सिली मांडल्या होत्या. खडूचे खोकेही तिथेच असते. यांनी पेन्सिल उचलली आणि रंगवलेल्या पत्र्यावर सबंध सूचना लिहून काढली. पत्र्यावर नुसते ओरखडे उमटले होते.

मी म्हटले, "भाऊसाहेब, काय लिहिलंय?"

"थट्टा करता का, बाई?"

"तुम्हीच वाचा."

ते फळ्याजवळ गेले. नाक टेकेल इतके जवळ. मग बोटांनी पत्रा चाचपला आणि हातातली पेन्सिल चाचपली. शेवटी हळूच म्हणाले, "कोणी पाहिलं?"

"अजून मीच."

मी आतून खडू आणला आणि त्यांनी सांगितले तसे लिहिले. त्या दिवशीचे अक्षर कोणाचे, याची चर्चा वसाहतीत चालू आहे. ती आता थांबवावी.

त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. खिडकीपाशी उभे केले की बाहुली दुधाळ दिसते. इंदिरावहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "काय सांगू मेट्रनबाई, पान वाढलं की मी बोलत राहते. चटणी डावीकडं, लिंबू तिच्या वर, पापड तुमच्या हाताशी. पाहुण्यांना वाटतं, काय आग्रह करते!"

"मग इस्पितळात का नेलं नाहीत?"

"आधी म्हणाले दिवाळी होऊ दे. मग म्हणाले थंडी सरू दे. आता म्हणतात षष्ट्यब्दी होऊ दे."

भाऊसाहेब म्हणाले, "उन्हाळ्यात डोळ्याला हात लावत नाहीत, बाई."

"कोण लावत नाही? मी उन्हाळ्यात ऑपरेशनची टेबलं मांडलीत."

तेव्हा त्यांनी खरे कारण सांगितले. त्यांच्या वडिलांना मोतीबिंदू झाला होता. गावात एक वैदू आला. त्याने ओटीवर बसवून डोळ्यात सुई घातली आणि त्यांना बोटे मोजून दाखवायला लावली. आठवडाभराने डोळे पिकले. "नंतर वडील रोज संध्याकाळी विचारायचे, दिवा लावलात का रे? लावलेला असायचा. मी तेव्हा शाळेत होतो. मीच उत्तर द्यायचो."

मी म्हटले, "तो वैदू होता. हे सर्जन आहेत. यांचे हात उकळत्या पाण्यातून काढलेल्या हत्यारांना लागतात, धुळीतल्या सुईला नाही. पट्टी सुटेपर्यंत मी उशाशी बसेन. पट्टीला हात लावलात तर ओरडेन."

"आणि फळा?"

"मी लिहीन."

"तुमचं वाचून लोक घर सोडून जातील, बाई," असे म्हणून ते हसले, आणि विषय टाळला. मला टाळणारे रुग्ण चांगले ओळखू येतात.

समितीलाही दोन शब्द. समारंभात भाऊसाहेबांना काचेचे दार असलेला नवा फळा भेट द्यायचा घाट आहे. काच कशासाठी? किल्ली कोणाकडे राहणार? "त्यांना आता विश्रांती देऊ," असे नाना परवा म्हणाले. ज्यांनी सुतळीचे कौतुक केले त्यांना आत्ताच विश्रांतीची आठवण का व्हावी? मला शंका आहे की दोनचार जणांना कळले आहे, आणि बोलण्यापेक्षा शाल देणे त्यांना सोपे वाटते. मोतीबिंदू काढला की माणूस पुन्हा वाचू लागतो. त्याला आत्ताच काचेबाहेर ठेवू नका.

हा मजकूर छापल्याबद्दल भाऊसाहेब माझ्यावर रागावतील. त्यांनी कधी कोणाचे नाव फळ्यावर घातले नाही आणि मी त्यांचे अंकात घातले. रागवावे. मी तळमजल्यावरच आहे.

ज्यांनी आमच्या टाक्या, गटारे, जिने आणि आजारपणे इतकी वर्षे सांभाळली, त्यांना माझ्याकडून उदंड आयुष्य. पण ते आयुष्य, पापड कुठे आहे हे विचारण्यात जाऊ नये. इंदिरावहिनींना जेवताना गप्प बसायला मिळो.

तरी भाऊसाहेबांना विनंती नव्हे, मागणी आहे. येत्या अक्षय्य तृतीयेला, सकाळचे पाणी येण्याच्या आत, इस्पितळात दाखल होण्याची तारीख त्यांनी आपल्या हाताने फाटकाजवळच्या जुन्या फळ्यावर लिहावी. खडूनेच लिहावी, खडू मी आणून देईन. "विचार चालू आहे" हे उत्तर धरले जाणार नाही. फळा कोरा दिसला तर मी टांगा फाटकाच्या आत आणवीन.

शांता वागळे
निवृत्त मेट्रन, तळमजला