अकरा पायऱ्यांचा फोन

बोईसर स्टेशनजवळ बळवंतराव सावे आर्किटेक्टांचं ऑफिस होतं. खाली साहेब, माळ्यावर नकाशे काढणारा दिनानाथ, आणि दोघांच्या मधल्या अकरा पायऱ्यांवर घिवली गावची मैनाबाई. नेमणूक चहा-झाडूची, पण दिवस जायचा खालचे निरोप वर आणि वरचे खाली पोचवण्यात. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

सदुसष्ट साली तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामगारांच्या घरांच्या नकाशांचं काम हाती आलं आणि साहेबांनी फोनचं मनावर घेतलं. बाहेरचा एक फोन पुरे, की खाली-वर बोलायला आतल्या फोनची जोडीही घ्यावी? मुंबईचा विक्रेता म्हणाला, "जोडी आठ दिवस वापरून बघा. बाईची गरजच उरणार नाही." हे तो मैनाबाईच्याच हातचा चहा पीत म्हणाला. त्याच्या दुसऱ्या कपात साखर पडली नाही.

जोडी बसली. पहिल्याच सकाळी साहेब फोनवर कडाडले, "गाढवा, जिना न्हाणीघरात उतरवलास!" आजवर असला निरोप वर पोचायचा तो, "साहेब म्हणतात झकास हाय, जिना तेवढा सरकवा," असा. दिनानाथही भडकला. "जागाच ठेवली नाहीत, तर तुमच्या डोक्यावर उतरवू?" हे एरवी खाली यायचं ते, "करतो म्हणाले, जरा येळ द्या," होऊन.

चौथ्या दिवशी दिनानाथने राजीनामा लिहिला. मैनाबाई पायरीवर बसून होती; तिला कुणी निरोपच दिला नव्हता ना!

शेवटी साहेब फोन आपटून ओरडले, "मैनाबाई, त्याला म्हणावं, खुशाल चालता हो!"

ती लगबगीने वर गेली. "दिनानाथभाऊ, साहेब म्हणतात, तुमच्याबिगर या हापिसाचं काय खरं नाय." दिनानाथने राजीनामा फाडला. "साहेब, ते म्हणतात चुकलं माजं," ती खाली येऊन म्हणाली. दिनानाथ असलं काहीच म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जोडी परत गेली. साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "मैनाबाई, खरं सांगा. वरचं माझ्याबद्दलचं किती गाळलंत इतकी वर्षं?"

"तुमच्याबद्दल? छे! ते तुमचं वाईट बोलतच नाय."

साहेबांना ते लगेच पटलं. "वर सांगा," ते म्हणाले, "मैनाबाई आहेत तोवर या ऑफिसात दुसरा फोन येणार नाही."

हा निरोप मात्र तिने एक अक्षरही न बदलता पोचवला.