लेन्सवरचं झाकण

तळोद्यात आमच्या घरासमोर माझ्या एका मित्राचा फोटो स्टुडिओ आहे. आठवडाभर पासपोर्ट फोटो काढतो आणि रविवारी जीपने सातपुड्यात डोंगरांचे फोटो काढायला जातो. कोणी घाई केली की म्हणतो, "थांब ना भाऊ, घाई काय शे?" मला हा आळस वाटायचा.

एका रविवारी मीही सोबत गेलो. सुरतच्या एका कॅलेंडरवाल्याला त्या संध्याकाळपर्यंत फोटो हवा होता, नाहीतर काम दुसऱ्याला जाणार होतं. पाड्यावर पोचलो तर उतारभर पिकलेली भगर आणि तिच्यावर तिरपं ऊन. ऊन फार तर दहा मिनिटं टिकलं असतं. त्याने कॅमेरा काढला, पण लेन्सवरचं झाकण तसंच ठेवलं.

"अरे, काढ की!"

"नही भाऊ. नवं धान अजून देवले दखाडेल नही. या लोके खातस नहीत, मंग मी कसा फोटू काढू?"

नवं धान्य पूजेत देवाला दाखवल्याशिवाय पाड्यावर कोणी खात नाही, हे मला तेव्हा कळलं. ऊन गेलं. तिथूनच त्याने सुरतेला फोन करून, आज जमणार नाही, असं सांगितलं. पलीकडचा ओरडत होता. परतताना मलाच चुटपुट लागली.

पुढच्या रविवारी पूजा झाली होती. शेतवाल्या म्हाताऱ्याने त्याला स्वतः हाक मारली, "आता काढ. आमचा बी काढ."

कॅलेंडरवाला कुरकुरला, पण थांबला होता. ते कॅलेंडर आता आमच्या भिंतीवर आहे. त्यात शेत अर्धं कापलेलं आहे, आणि डोंगरापुढे बसून घरची सगळी माणसं नवी भगर खात आहेत.