कावळ्याने त्यांचं ऐकलं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते मेथी निवडायचं. मी काड्या फार ठेवतो म्हणून ती चिडली. "लक्ष कुठंय तुमचं?" माझं तिच्याकडं होतं. तिचं घड्याळाकडं. सेंटरला जायचं होतं ना. डोकं दुखतंय म्हणून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

सेंटर म्हणजे आमच्या कॉलनीमागचं, ख्रिस्ती लोकांचं. मी खानदेशातून देवासला कंपनीत लागलो तेव्हा तिथं भाड्याची एक खोली न् दोन सिस्टर होत्या. डही, बाग या गावांकडचे आदिवासी पोटासाठी इकडं यायचे, त्यांना धड हिंदी यायची नाही. त्यांच्या पोरांना अक्षरं शिकवायची, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचं, रविवारी प्रार्थना. मग पत्र्याची शेड झाली. शेडमध्ये शिलाईचा क्लास निघाला न् शिकवायला आमची ही गेली. आम्ही गणपती बसवणारे. पण सिस्टरनी कधी धर्माचा शब्द काढला नाही. काढला असता तर मला भांडायला तरी मिळालं असतं. पुढं पक्का हॉल झाला. त्याच्या पायाची पहिली वीट हिच्या हातची.

सवत बायकांनाच असते म्हणतात. मला होती, न् तिच्या डोक्यावर क्रूस होता.

ही त्यांची भिली बोली शिकली. मी न्यायला जायचो तर आतून हिचं खदखदून हसणं ऐकू यायचं. काय झालं विचारलं तर, "काही नाही हो, बायकांचं." घरी येईस्तोवर ते हसू संपलेलं असायचं.

दहाव्याला क्षिप्रेवर पिंड ठेवले. झाडावर कावळे ढीगभर, खाली एक येईना.

गुरुजी म्हणाले, "काका, काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात. शब्द द्या."

"पोराकडं बघीन," मी म्हणालो. नाही. "तुझे देव सांभाळीन." नाही. "तंबाखू सोडतो गं."

पोरगा म्हणाला, "बाबा, ये तो आप हर साल बोलते हो."

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. सेंटरच्या बायका लांब उभ्या होत्या. त्यातली डहीची एक पुढं आली न् पिंडाला म्हणाली, "बाई, तू जा. सिलाई बंद नी होने देंगे."

कावळा उतरला. सरळ पिंडावर.

सगळ्यांनी रडत हात जोडले. मी नाही जोडले. जन्म काढला माझ्याबरोबर, न् जाताना ऐकलं कुणाचं?

सिस्टर जवळ आली. "बाबूजी, हॉल की चाबी भाभीजी के पास रहती थी."

"मेरे पास है. नहीं मिलेगी."

"फिर खोलेगा कौन?"



दुसऱ्या दिवशी सकाळी घरात अकराव्याची गडबड चालली होती. तिची निघायची वेळ झाली तसा मी चपला घालून निघालो. बायका हॉलच्या पायरीवर बसल्या होत्या. कुलूप मी काढलं. डहीवाली हिच्या मशीनकडं वळली. तिला म्हटलं, "वो छोड़ के कोई भी ले." न् त्या मशीनच्या स्टुलावर मीच बसलो, क्लास सुटेपर्यंत.