खिडकीजवळची जागा

"ताई, पुन्हा वर आले," रंगारी म्हणाला, आणि आजचा दिवस भांडणात जाणार हे मी ओळखलं.

हॉलच्या उत्तरेकडच्या भिंतीला तिसऱ्यांदा रंग देऊन झाला होता. आदल्या संध्याकाळी भिंत पांढरीशुभ्र दिसत होती. सकाळी बघते तर जमिनीपासून अडीच फुटांवर तेच पिवळट तपकिरी डाग, एका रांगेत, दोन-दोन हातांच्या अंतरावर. मी मोजले, अकरा होते. मी रंगाऱ्यावर तोंडसुख घेतलं, स्वस्तातला प्रायमर मारलास म्हणून. त्याने शांतपणे रिकामा डबा माझ्यापुढे धरला. प्रायमर मीच आणला होता. मग मी दुकानदाराला नावं ठेवली, आणि तो समोर नव्हता म्हणून शेवटी भिंतीला.

ही इमारत म्हणजे जुन्या नाशकातला एक बंद पडलेला बिडी कारखाना. कारखाना म्हणायचा, पण यंत्र एकही नाही. वर कौलं, ती पेलणाऱ्या सागवानी कैच्या, खाली फरशीचा लांबलचक हॉल, आणि त्यात भिंतीला पाठ लावून बसलेल्या बायका, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. मालकाचे वारस आता दुसऱ्या गावी असतात. त्यांनी जागा मला काही वर्षांच्या कराराने भाड्याने दिली, बहुतेक मला वेड लागलंय असं समजून.

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन दर वर्षी व्हरांड्यात दोरीवर भरायचं, आणि वारा आला की निम्मं प्रदर्शन मैदानात. निवृत्त झाल्यावर मनात एवढंच होतं की नाशकात एखाद्या मुलीला आपली दहा चित्रं नीट टांगता येतील अशी एक जागा असावी. चित्रं नसतील त्या दिवशी साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं, गाण्याची बैठक, काय हवं ते करा. जागा तगणार ती बारशांवर, चित्रांवर नाही, हे मलाही कळतं. आमचे हे अंबडच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले. ते स्पिरिट लेव्हल घेऊन इमारतभर हिंडायचे आणि इथे एकही गोष्ट सरळ नाही असं रोज जाहीर करायचे. दिवे आणि पंखे मात्र त्यांनी असे बसवले की बघत राहावं.

हीच इमारत का, हे मी फार कोणाला सांगितलं नव्हतं. माझी आई इथे सव्वीस वर्षं बिड्या वळत होती.

रस्त्याकडचं मोठं दार मालकाचं, व्यापाऱ्यांचं आणि तंबाखूच्या पोत्यांचं. पोतं त्या दारातून आत जाऊ शकत होतं, माझी आई नाही. बायकांसाठी मागच्या बोळात एक ठेंगणं दार होतं. संध्याकाळी सुटताना त्या दारात मुकादम उभा राहायचा, पिशव्या उपडी करायचा आणि पदर झटकायला लावायचा, कोणी पानं किंवा तंबाखू चोरून नेते का बघायला. आठ वर्षांची असताना आईला आणायला मी एकदा बोळात गेले होते. एका परक्या माणसासमोर माझी आई पदर झटकताना मी पाहिली आणि तशीच मागे पळाले. हे आईला मी कधी सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट सांगितली नाही. शाळेच्या पालकसभा रद्द झाल्यात असं मी तिला खोटंच सांगायचे, कारण तिच्या हातांना तंबाखूचा वास यायचा. आज आठवलं की माझी मलाच चीड येते.

म्हणून किल्ली हातात आल्यावर मी सगळ्यात आधी ते मागचं दार विटांनी बुजवून टाकलं. आतल्या बाजूला स्वच्छतागृह केलं. गवंड्याला म्हटलं, पहिली वीट मी लावणार. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

माझ्या मनात एकच चित्र होतं. उद्घाटनाला आई मोठ्या दारातून आत येतेय आणि मी तिला ओवाळतेय. ते झालं नाही तर बाकीचं सगळं, पंखे आणि दिवे धरून, माझ्या लेखी फुकट होतं. पण आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी नाय यायची तिथं. सव्वीस वर्षं बसले, तेवढं लय झालं. आन बिडीच्या कारखान्यात बारसं करायला कोण येनार गं?"

डागांचं गाऱ्हाणं मी त्या संध्याकाळी आईपुढेच घातलं. ती मेथी निवडत होती.

"किती उंचीवर?" तिने विचारलं.

मी हाताने दाखवलं.

"तेल हाय ते. बायकांच्या डोक्याचं." तिने मान वरही केली नाही. "हात गुंतलेले असायचे. मान अवघडली की डोकं मागं टेकायचं, तेवढाच इसावा. रोज सकाळी चापून तेल लावून यायचो सगळ्या. जागा ठरलेल्या व्हत्या. एखादी बाळंतपनाला गेली तरी तिच्या जागेवर कोनी बसायचं नाय."

"तुझी कुठली?"

"आता काय करायचंय ते."

मी म्हटलं की रंगारी उद्या त्या जागचा गिलावा ठोकून काढणार आहे, खिडकीपासून सुरुवात करून. सगळं नव्याने केल्याशिवाय भिंत पांढरी राहणार नाही. पहिलं प्रदर्शन माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीचं होतं, तिला भिंती स्वच्छ हव्या होत्या.

"काढ की," आई म्हणाली. "लोकं भाडं देऊन येनार, त्यांना आमचं तेल कशाला." आणि मेथीच्या काड्या वेचत राहिली.

आईचा उजवा खांदा आता वर होत नाही, त्यामुळे तिची वेणी रोज मीच घालते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेल लावत होते तेव्हा ती एकदम म्हणाली, "खिडकीजवळची जागा मला भांडून मिळाली व्हती. पयलीच, खिडकीला लागून. उजेड चांगला यायचा तिथं. पान कापायला चुकायचं नाय. संध्याकाळी मुकादम वाईट बिड्या काढून फेकायचा ना, त्यात माझ्या सगळ्यांत कमी असायच्या."

मी तिच्या केसांत कंगवा तसाच ठेवला आणि निघाले.

रंगाऱ्याला फोन लावला. काम करताना फोन न उचलण्याचं त्याचं व्रत आहे. कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खोदून ठेवलेले, रिक्षा एका बोळातून दुसऱ्या बोळात नुसती फिरत होती. महिनाभर कधी अकराच्या आत तोंड न दाखवलेला हा माणूस नेमका त्या दिवशी आठला हजर झाला होता. मी पोचले तेव्हा खिडकीला लागून दोन फूट भिंतीतल्या विटा उघड्या पडल्या होत्या आणि खाली गिलाव्याचा ढीग होता. मी ढिगात बसून तेलाच्या डागाचा तुकडा शोधू लागले. सगळे तुकडे सारखेच दिसत होते.

"तुमीच बोल्ले ना ताई, खिडकीपासून चालू कर," तो घाबरून म्हणाला.

मीच म्हटलं होतं. त्याच्यावर ओरडायलाही जागा नव्हती. मी तिथेच बसून रडले आणि तो बिचारा हातोडा धरून उभा राहिला.

उरलेल्या दहा डागांना मी हात लावू दिला नाही. उकरलेल्या जागी नवा गिलावा झाला, रंग झाला आणि तेवढी जागा लख्ख पांढरी झाली. माझी विद्यार्थिनी येऊन बघून गेली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "मॅडम, या डागांवर मी चित्रं कशी लावू?" मी म्हटलं, "या भिंतीवर लावायचीच नाहीत. तीन भिंती आहेत, त्या भर आधी." तीस वर्षं मास्तरकी केल्याचा एवढा फायदा असतो, तिने निमूट बाकीच्या भिंती मोजायला घेतल्या.

गिलावा पडला त्याच दिवशी घरी येऊन मी आईला सांगितलं होतं, "आई, नेमका तुझाच गेला."

"मंग? तो काय माझा फोटो व्हता का?" ती म्हणाली. मग विचारलं, "बाकीच्यांचे ठिवले?"

"ठेवले."

"बरं केलंस."

"येशील ना उद्घाटनाला?"

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. तरीही मी नवं लुगडं आणून तिच्या उशाशी ठेवलं. उद्घाटनाच्या आधीचे दोन दिवस ती फोनवर कोणाकोणाशी बोलत होती, मी खोलीत गेले की गप्प व्हायची.

उद्घाटनाच्या सकाळी ती म्हणाली, "तू जा पुढं, मी येते माझी रिक्षानं." मी आरतीचं ताट घेऊन मोठ्या दारात उभी राहिले. दहा वाजले, साडेदहा वाजले. पाहुणे जमले, चित्रं लागली, ह्यांनी तिसऱ्यांदा दिवे लावून बघितले. घरी फोन केला तर कोणी उचलेना. निरांजन दोनदा विझलं. ती येत नाही, हे मी स्वतःला सांगायला सुरुवात केली, आणि इतका राग आला की ताट त्या पाहुण्यांसमोर आपटावंसं वाटलं.

तेवढ्यात रंगारी आला, नवा शर्ट घालून. "ताई, मागच्या बोळात पाच म्हाताऱ्या उभ्या हायेत. दार कुठं गेलं म्हनून इचारतात."

मी ताटासकट धावले. बोळात, बुजवलेल्या विटांकडे तोंड करून, पाच जणी उभ्या होत्या. पुढे आई, नव्या लुगड्यात. पाचही जणींनी चपला काढून भिंतीकडेने ओळीने लावल्या होत्या, रोज कामावर येताना लावायच्या तशा. अर्धा तास त्या अनवाणी तिथे उभ्या होत्या. मोठ्या दाराने आत जावं हे एकीच्याही मनात आलं नव्हतं.

"दार कुठं गेलं गं?" आईने विचारलं.

"मी बुजवलं."

"का?"

मी म्हटलं, "इथे मुकादम तुमचे पदर झटकायला लावायचा. मी पाहिलं होतं, लहान असताना."

मागची एक बाई, दात नसलेली, हसून म्हणाली, "अगं, तो मेला दोन मिंटं उभा ऱ्हायचा. दुपारच्याला याच उंबऱ्यावर बसून आमी भाकरी खायचो. तुझी आई गानी म्हनायची हितं."

आई गाणी म्हणायची हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

"इचारायचंस तरी मला," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला फार लागलं. मी म्हटलं, "चुकलं माझं." तिने विटांवरून एकदा हात फिरवला आणि बाकीच्यांकडे वळली. "चला गं. आज मालकाच्या दारानं."

पाच जणी चपला हातात घेऊन बोळाला वळसा घालून पुढे आल्या. उंबऱ्याशी आल्यावर सगळ्या थबकल्या. मी निरांजन पुन्हा लावलं आणि आईला ओवाळलं. ती उजवा पाय टाकून आत गेली.

आत खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्यांकडे एकीनेही बघितलं नाही. चौघी सरळ भिंतीशी गेल्या, वाकून डाग बघितले, "ह्यो माझा," "तुझा त्यो, पलीकडचा," असं करत आपापल्या जागेवर खाली बसल्या आणि डोकी मागे टेकली. आई खिडकीशी गेली. तिथे नुसतं पांढरं होतं. तिने तळवा त्यावर ठेवला.

"गिलावा चांगला केलाय," ती म्हणाली. मग लुगडं सावरून तिथेच बसली आणि डोकं भिंतीला टेकवलं. खिडकीतला उजेड तिच्या हातांवर पडला होता.

भाषण झालं नाही, फीत कापायची राहून गेली. पाहुणे खुर्च्या सोडून त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि दोन तास बिड्यांच्या गोष्टी ऐकत राहिले. चित्रं बघायची आठवण माझ्या विद्यार्थिनीने रुसून करून दिली.

सगळे गेल्यावर रंगाऱ्याने मला खिडकीशी बोलावलं. पांढऱ्या भिंतीवर, आईने डोकं टेकवलं होतं तिथे, तळहाताएवढा तेलाचा ओला ठसा होता.

"पुसून घेऊ का ताई? आत्ता निघंल, मंग नाय निघायचं."

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं.

आता हॉलचं बरं चाललंय. बारशी होतात, प्रदर्शनं होतात, भिंतीवर डाग कसले म्हणून प्रत्येक जण विचारतो आणि मला सांगावं लागतं. मागच्या दाराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, तिथून आता नळाचे पाइप गेलेत. हॉल रिकामा असेल त्या दुपारी आई येते, मोठ्या दारातून, आणि तासभर खिडकीजवळ बसते. तिचा डाग अजून फिकटच आहे. बाकीचे दहा वर्षानुवर्षं तेल मुरून झालेले आहेत आणि आई अठ्ठ्याहत्तरची. सकाळी तिची वेणी घालताना मी तेलाची बाटली जरा जास्तच कलती करते.