खाली फोटो

‘यात माणूस कुठंय?’ हा प्रश्न मला आजवर ज्यांनी ज्यांनी विचारला, त्या सगळ्यांना एकदा रांगेत उभं करून त्यांचा फोटो काढायची माझी फार इच्छा आहे. घ्या म्हणावं, ही माणसं. पोटभर बघा आणि मला सोडा.

मी जळगावात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. घर पिंप्राळ्यात. घरात आई, माझ्याहून मोठा भाऊ आणि मी. माझ्याकडे एक डबा कॅमेरा होता, खरोखरच डबा. ऊन असेल तर खटका इकडे, ढग असतील तर तिकडे, एवढंच काय ते त्याला कळायचं. रविवारी तो गळ्यात अडकवून मी मेहरूणच्या तलावावर जायची आणि पाण्याचे, बाभळींचे, पलीकडच्या माळाचे फोटो काढायची. येणारे-जाणारे थांबून बघायचे. बाईच्या हातात कॅमेरा, आणि समोर ना कुणाचं मूल, ना नवरा-नवरी! एका गृहस्थांनी तर काळजीनं विचारलं होतं, "ताई, काही हरवलंय का?"

हसण्यावारी न्यायची मी हे सगळं. पण त्या वर्षी हसू पार आटलं.

माझ्या आईचं माहेर तापीकाठचं. एदलाबादच्या पुढे. मुक्ताईनगर म्हणतात आता त्याला, पण आमच्या तोंडात तेव्हा एदलाबादच होतं. नदीवर धरण झालेलं, आणि पावसाळ्यात पाणी वरपर्यंत चढणार म्हणून नोटीस आलेली: गाव खाली करा. मामांनी दारं, खिडक्या, तुळया काढून नव्या गावठाणात नेल्या होत्या. देव नेले, गुरं नेली. आणि नेमकी त्याच थंडीत आई न्हाणीघरात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. दोन माणसांनी धरल्याशिवाय तिला कूस बदलता येत नव्हती, मग एसटीत बसून माहेर शेवटचं बघून येणं कुठलं!

रडली नाही ती. एकदाच म्हणाली, "तुह्या त्या डब्ब्यात माहा धोंडा येईन का वं?"

गावातून नदीकडे जो उतार जातो, त्याच्या मध्यावर एक काळा, पसरट धोंडा होता. लहानपणी आई तिथं बसायची. तिथून खाली वाळूतल्या टरबूज-डांगराच्या वाड्या दिसायच्या, मग पाणी, मग पलीकडचा काठ आणि त्याच्या मागे सातपुडा. लग्न होऊन जळगावला आली तरी माहेरी गेलं की पहिल्या संध्याकाळी ती त्या धोंड्यावर जाऊन बसायचीच. मी म्हटलं, मामांचे, मामींचेही फोटो आणते. तर म्हणाली, "मानसं तं संगं येतीन नव्या गावाले. जागा थोडीच येते?"

मी डबा घेऊन गेले. फोटो आले. आभाळ पांढरंफेक, आणि त्यात सातपुडा असा विरघळलेला की आहे की नाही तेच कळेना. धोंडा म्हणजे एक काळा डाग. आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि "चांगला हाये" म्हणून उशीखाली ठेवून दिला. त्या ‘चांगला हाये’नं माझा जीव तीळतीळ तुटला.

तेव्हा ठरवलं, कॅमेरा घ्यायचा. नवा परवडणार नव्हता, म्हणून जुना. त्या सुमारास लग्नात व्हिडिओ काढायचं खूळ सुरू झालं होतं आणि फोटोवाले आपले चांगले चांगले कॅमेरे मोडीत काढत होते. धुळ्याच्या एका फोटोवाल्याकडे असे दोन कॅमेरे विकायला आहेत, असं कळलं. पगार माझा, साठवलेला पैसा माझा, कॅमेरा मी वापरणार. पण बरोबर आला कोण? दादा. "तुला फसवतील," म्हणाला. दादाला रेडिओतलं कळायचं, पंपातलं कळायचं, राजकारणातलं कळायचं, मग कॅमेऱ्यातलं का नाही कळणार?

धुळ्याला दुकानात फोटोवाल्यानं दोन्ही कॅमेरे काचेवर मांडले. एक प्लास्टिकचा, चकचकीत, हलका. फ्लॅश आतच, काही जुळवायला नको, दाबलं की झालं. दुसरा लोखंडासारखा जड, कडांचा रंग उडालेला, पण त्यात उजेड कमी-जास्त करता येत होता, वेग बदलता येत होता, आणि भिंगावर फिरवून बसवायची एक पिवळी काच होती. पुस्तकांत वाचून वाचून मला ती काच पाठ झाली होती. काळ्या-पांढऱ्या रोलवर ती लावली की आभाळ गडद येतं आणि लांबचे डोंगर धुरकटपणातून वेगळे होतात. म्हणजे मला जे हवं होतं, नेमकं तेच.

किंमत दोन्हींची जवळपास सारखीच. फोटोवाला बोलत होता ते दादाशी. मी समोर उभी, आणि हा मान हलवतोय दादाकडे बघून. "भाऊ, हाऊ प्लास्टिकवाला ल्या. तो जुना बाकी बठ्ठा चालू शे, पण उजेडाचा काटा हालत नही. ताईले जमाव नही."

दादानं पिवळी काच उचलून उजेडात धरली आणि विजयी चेहऱ्यानं म्हणाला, "हे बघा! काच पिवळी पडलीय. दोन नंबरचा माल गळ्यात मारताय होय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "दादा, ती मुद्दाम पिवळी असते."

"मुद्दाम कोण काच पिवळी करेल? तू गप. हा फ्लॅशवाला घे. घरच्या लग्नाकार्यात कामाला येईल."

"घरचं कोणाचं लग्न?"

"तुझंच होईल की कधीतरी."

डोकंच फिरलं माझं. "आणि सातपुड्यावर काय फ्लॅश मारू?" असं मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या रसवंतीतली माणसं बाहेर आली. पैसे काचेवर आपटले, जड कॅमेरा उचलला, पिवळी काच दादाच्या हातातून काढून घेतली आणि थेट एसटी स्टँड गाठला. दादा मागून आला. जळगाव येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही, आणि खरं सांगते, तो प्रवास फार सुखाचा झाला.

उजेड किती ते दाखवणारा काटा मेलेला, म्हणून मी मेहरूणला जाऊन अंदाजानं शिकले. सकाळी किती, दुपारी किती, पिवळी काच लावली की किती जास्त. सुरुवातीचे काळेठिक्कर आले, मग पांढरे, मग एक दिवस तलावापलीकडचा माळ ढेकळांसकट उतरला. तेव्हा म्हटलं, आता आईच्या माहेरी जायचं.

पावसाळा तोंडावर आलेला. "नदीवर एकटी कुठं जाशील?" म्हणून दादानं स्कूटर काढली. गाव भकास झालं होतं, भिंती उभ्या आणि दारं नाहीत. पण उतार होता तसाच होता. धोंडा होता. हंगाम संपून वाड्या उठल्या होत्या, वाळू मोकळी होती आणि पलीकडे सातपुडा स्वच्छ दिसत होता. मी वरच्या अंगाला उभी राहून कॅमेरा डोळ्याला लावला, आणि त्यात काय दिसलं? दादा. धोंड्याच्या अगदी पुढ्यात पाय फाकून, कमरेवर हात घेऊन, काळा चष्मा लावून उभा!

"दादा, बाजूला हो."

"अगं, माणसाशिवाय खाली फोटो काय काढतेस? रोल वाया जाईल. काढ, काढ."

मी उजवीकडे सरकले, तर हा धोंड्यावर बसला. डावीकडे गेले, तर कंगवा काढून केस विंचरून पुन्हा उभा. काढल्याशिवाय हलेना. पाच-सहा काढले तसे, दातओठ खात. शेवटी म्हटलं, "नव्या गावठाणात मामांकडे जा आणि चहा टाकायला सांग." तेव्हा कुठे माझ्या नशिबानं तो गेला.

मग उरलेला रोल मी माझ्या मनासारखा काढला. काच लावली, श्वास धरला. ऊन उतरायला लागलं आणि धोंड्याची सावली उतारावर लांब पडली. धोंडा, वाळू, पाणी, काठ, डोंगर, सगळं एका चौकटीत बसलं. खटका दाबतानाच कळलं मला, हा आला. आनंदानं रडू फुटलं तिथं एकटीला. किती वेड्यासारखी रडले मी.

जळगावात आलो तर शाळा उघडलेली, प्रवेशांची झुंबड. मला मान वर करायला फुरसत नव्हती. दादा म्हणाला, "रोल मी देतो. स्टुडिओवाला माझ्या ओळखीचा आहे." इतका गोड बोलला की मी दिला. आठवड्यानं पाकीट आणून आईच्या खाटेवर ठेवलं. मी उघडलं. दादा उभा, दादा बसलेला, दादा केस विंचरून. मी पाकीट उलटं करून झटकलं.

"बाकीचे कुठंयत?"

"खाली होते ते," दादा म्हणाला. "मी त्याला आधीच सांगितलं होतं, माणसं असतील तेवढेच काढ, खाली गेलेले सोडून दे. तुझेच पैसे वाचवले."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्याच पावली स्टुडिओ गाठला. निगेटिव्ह तरी असतीलच, त्यावरून पुन्हा काढून घेऊ, असं वाटेत स्वतःला समजावत होते. स्टुडिओवाल्यानं मला बसायला खुर्ची दिली. "माणसांची पट्टी दिली ना पाकिटात? बाकीच्या पट्ट्या सगळ्या खाली होत्या ताई. भाऊ म्हणाले ठेवू नका. कचऱ्याबरोबर कालच जाळल्या." वर मला हसून म्हणतो, "कॅमेरा चांगला आहे तुमचा. शिकाल हळूहळू."

शिकाल! मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सरकारला ते गाव खाली हवं होतं आणि या दोघांना खाली फोटो नको होता. माझ्या आईचं माहेर सरकार आणि हे दोघे यांच्या मधल्या मध्ये संपलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून पहिल्या एसटीनं गेले. मामा नव्या गावठाणाच्या फाट्यावर भेटले. "कशाले आली, बाई? मारुतीच्या पायऱ्या बुडाल्या काल," म्हणाले. तरी मी गेले. उतार नव्हता. गढूळ पाणी होतं आणि त्याच्या पलीकडे सातपुडा, तसाच, स्वच्छ. पिवळी काच खिशात होती, रोल भरलेला होता. एकही फोटो काढला नाही मी.

घरी आले तर आईच्या मांडीवर दादाचे ते फोटो पसरलेले. कोणी न सांगताच तिला सगळं समजलं होतं. एकेक फोटो उचलून ती अगदी जवळून बघत होती. वाळू सापडली तिला, काठ सापडला, पिवळ्या काचेशिवाय काढलेला पुसट सातपुडासुद्धा सापडला.

"माहा धोंडा कुठी हाये वं?" तिनं विचारलं.

मी एकेक फोटो पुन्हा उचलून पाहिला. प्रत्येक फोटोत दादानं तो झाकला होता. कुठे पुढ्यात उभं राहून, कुठे वर पसरून बसून. टाचभरसुद्धा धोंडा कुठे दिसत नव्हता.

आईनं माझ्याकडे हात केला. "कात्री दे."

मी शिवणाच्या डब्यातली कात्री दिली. तिनं त्यातला एक फोटो निवडला, दादा बसलेला, आणि त्याला डोक्यापासून बुटांपर्यंत कडेकडेनं नीट कापून काढायला लागली. वाळूचा एक कणही तिनं कापू दिला नाही. दादा दारातून धावत आला. "आई! अगं, जित्या माणसाला फोटोतून कापतात का?"

"तुले तं मी रोज पाह्यते," आई मान वर न करता म्हणाली. "तू सरक बाजूले."

कापलेला दादा तिनं त्याच्याच हातात दिला. मग फोटो उजेडात धरला. नदी होती, काठ होता, आणि उतारावर मधोमध एक भोक. आईनं त्या भोकात बोट घातलं.

"आता झाली माही जागा खाली," ती म्हणाली. "इथी बसत होती मी."