मंदाताईंच्या दुकानातला प्रश्न

रविवार, सकाळी अकरा. खोपट, सोसायटीचं सभागृह. मंदाताईंची शोकसभा. हजर: त्यांचा भाऊ मोहन, भावजय वैशाली, तेरा वर्षांची भाची तन्वी, महिला मंडळाच्या बायका आणि चिटणीस म्हणून मी.

मंदाताई शाळेचे गणवेश शिवायच्या. मुलगी मापाला उभी राहिली की टेप लावता लावता तिच्या आईला विचारायच्या, "लस दिली का हो हिला? गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची?" आया गोऱ्यामोऱ्या व्हायच्या. "लाजता कशाला? पोरगी वाढतेय हे तुमच्या आधी मला कळतं."

या कॅन्सरचा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून लस त्याआधी, लहान वयातच द्यायची असते, हे ताईंना स्वतःचा कॅन्सर पसरल्यावर डॉक्टरांकडून कळलं. तेव्हापासून त्यांनी हा प्रश्न धरला. एकदा नौपाड्यातली एक बाई फणकारली, "आमची मुलगी तसली नाही." ताई म्हणाल्या, "मी तरी कुठं तसली होते? एकच नवरा केला, तोही अर्ध्या वाटेत गेला!" बाई खळखळून हसली, माप देऊन गेली. लसीचं नाव नाही. बहुतेक जणी अशाच हसून जायच्या.

भावाच्या घरी तर कोणी हसतही नव्हतं. तन्वीसाठी ताईंनी डॉक्टरांची वेळ घेतली की वैशाली म्हणायची, "उद्या स्थळ बघताना कोणी विचारलं, ही लस कशाला दिली, तर काय सांगू?" शेवटी अंथरुणावरून ताई मला म्हणाल्या, "अख्ख्या खोपटाला सांगितलं गं, भावाच्या घरात चाललं नाही. तन्वीचं तेवढं बघ."

सभेत मोहन म्हणाला, "ताई पोटाच्या विकाराने गेली."

मी उठले. "पोटाच्या नाही, मोहन. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने."

वैशालीने माझा पदर ओढला. "अहो काकू, मुली बसल्यात!"

मुली बसल्या होत्या म्हणूनच तर बोलत होते. पण अध्यक्षांनी घाईघाईने सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी उभं केलं. दोन मिनिटं शांतता.

सभेनंतर मी तन्वीसाठी डॉक्टरांची वेळ घेऊन वैशालीला फोन केला. "परीक्षा संपू दे, काकू." परीक्षा संपली. आज पुन्हा केला, तर तन्वीने उचलला. "आई म्हणतेय, ती घरी नाहीये."

ताईंचं मशीन विकलं गेलं, दुकानाची किल्ली मालकाला दिली, अर्धे राहिलेले गणवेश दुसरीकडून शिवून ज्यांचे त्यांना पोचवले. तन्वीची लस राहिली आहे.