एकोणिसाव्या पानाचा वास

ओटिली क्रेचमरचं नाक दिसायला अगदी साधं होतं, जरा बसकंच. पण ड्रेस्डेनमधल्या झायफर्ट फोटो-कागद कारखान्याचा सगळा डोलारा त्या नाकावर उभा होता.

कारखान्याच्या शेडमध्ये तीस बायका सकाळपासून अंडी फोडत बसत. पांढरं एका बादलीत, पिवळं दुसरीत. पिवळं हातमोज्यांचं चामडं कमावणाऱ्यांकडे जाई, उरलेलं बेकरीत आणि त्यातूनही उरलेलं बायकांच्या घरी. त्यामुळे आयरशेके म्हटलं की साऱ्या ड्रेस्डेनच्या तोंडाला पाणी सुटत असलं, तरी तो अंड्याचा केक नुसता समोर ठेवला की या बायकांची पोरं रडायला लागत.

पांढऱ्याचं काम मोठं. ते पिंपात भरून आठवडाभर तळघरात आंबू द्यायचं. मग ओटिली झाकण उचलायची, एकदाच हुंगायची आणि म्हणायची, "पिकलं." किंवा, "नाही पिकलं." तिच्या या निकालावर अपील नव्हतं. पिकलेल्या पिंपातल्या पांढऱ्यावर कागद तरंगत सोडला, की वाळल्यावर त्यावर अशी तकाकी चढे की व्हिएन्नापासून पॅरिसपर्यंतचे फोटोवाले झायफर्टचाच कागद मागत. त्या पिंपांचा वास मात्र साऱ्या गल्लीला पुरत असे. ओटिलीने लग्नही एल्बे नदीवरच्या आगबोटीत कोळसा लोटणाऱ्या माणसाशी केलं. धुराने त्याचं नाक कधीच कामातून गेलेलं होतं, त्यामुळे संसार सुखाचा झाला.

कारखान्याला पंचवीस वर्षं पूर्ण व्हायची होती. मालक ट्राउगॉट झायफर्ट यांनी कारखान्याचा इतिहास लिहायचं काम क्लुगे मास्तरांना दिलं. मास्तर नाकाला अत्तराचा रुमाल लावून शेडमध्ये आले.

"बाई, अंड्याचं पांढरं आंबवायचा शोध मालकांनी कसा लावला, काही आठवतं का?"

"मालकांनी? तो माझ्याकडून लागला. म्हणजे लागला नाही, राहून गेला."

"राहून गेला असं इतिहासात लिहिता येत नाही, बाई."

"मग जे झालं ते कुठे लिहितात?"

मास्तरांनी वही मिटली.

झालं होतं ते असं. अठराशे अडुसष्ट सालच्या ऑगस्टमध्ये फोगेलविझेची जत्रा भरली होती. तेव्हा कारखाना म्हणजे एक शेड आणि चार बायका. पांढरं ताजंच वापरत. एक पिंप त्याच दिवशी संपवायचं काम एकोणीस वर्षांच्या ओटिलीकडे होतं, पण चक्रीपाळण्याच्या नादात ती पिंप विसरली. पाच दिवसांनी मालक लाइपझिगहून परतले, त्यांनी झाकण उघडलं, डोळे पुसले आणि तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. पण माणूस हाडाचा चिकट. ते कुजकं पांढरं ओतून द्यायला त्यांचा जीव होईना, म्हणून कागद त्यावर सोडला. कागद वाळून असा चकाकला की तिसऱ्या दिवशी मालक केक घेऊन ओटिलीच्या दारात उभे. "उद्यापासून ये," एवढंच म्हणाले. चूक कोणाची आणि शोध कोणाचा, यावर पुढे कधी कोणी बोललं नाही.

आणि आता मास्तरांच्या पुस्तकात एकोणिसाव्या पानावर छापून आलं होतं: "प्रयोगशाळेत आठ वर्षं अखंड संशोधन करून झायफर्ट यांनी ही पद्धत शोधली." ओटिलीने ते ओळीखाली बोट धरून तीनदा वाचलं. तिला संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त वाईट वाटलं. तिला ना बक्षीस हवं होतं ना बढती. तिचं नाव त्या पानावर हवं होतं.

समारंभाच्या तोंडावर नव्या रसायनतज्ज्ञाने, डॉक्टर वेंकने, एक शहाणपणा केला. पाहुण्यांच्या नाकाला त्रास नको म्हणून त्याने सगळ्या पिंपांत एक औषध टाकलं. वास गेला. गल्लीतले लोक खिडक्या उघडून काय बिघडलं म्हणून बघू लागले. पाहुण्यांना वाटायला मालकांचे तीनशे फोटो त्या कागदावर छापले गेले आणि तीनशेच्या तीनशे फोटोंत मालक पिठाच्या पोत्यातून बाहेर आल्यासारखे दिसत होते. समारंभ चार दिवसांवर, आणि नवं पांढरं पिकायला हवा आठवडा!

मालक डोकं धरून बसले तेव्हा ओटिली आत आली.

"एक पिंप आहे, मालक. कोळशाच्या खोलीत."

"औषधाविना?"

"त्या डॉक्टरच्या हाती सगळी पिंपं द्यायला मी काय खुळी आहे?"

"आणि पिकलंय?"

"कालच."

मालक कोळशाच्या खोलीकडे अक्षरशः पळत सुटले. ओटिली मागून सावकाश आली आणि पिंपाच्या झाकणावर बसली.

"आधी एकोणिसावं पान."

"अगं, मंत्री येणार आहेत! त्यांच्यापुढे काय वाचू? बाई पाळण्यात बसल्या म्हणून अंडी कुजली?"

"मग मालक प्रयोगशाळेत बसले होते, असं तरी वाचू नका."

"मी लाइपझिगला होतो!"

"तुम्ही चक्रीपाळण्यात होतात. लाकडी हंसावर. टोपी उलटी घातली होती. मी मागच्या घोड्यावर. तुम्ही वळून बघता का म्हणून मी तीन फेऱ्या जास्त मारल्या."

मालकांचा हात आपसूक डोक्यावरच्या टोपीकडे गेला. ते म्हणाले, "तेवीस वर्षं माहीत होतं तुला? मी तुला काढलं तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमच्या बाईसाहेब शेजारी उभ्या होत्या ना. तुम्ही आणलेला जत्रेतला मधाचा केक हातात घेऊन सांगत होत्या, लाइपझिगला किती छान मिळतो म्हणून."

एवढं बोलून ती झाकणावरून उठली. मालकांनी शब्द दिला नव्हता, तिनेही मागितला नाही. पण आपल्या कागदावर मालक पिठासारखे दिसले तर नाक आपलंच कापलं जाणार, हे तिला कळत होतं. चार दिवस बायका राबल्या. नवे फोटो असे लकाकले की त्यांत मालकांच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.

समारंभाला मंत्री आले, फोटोवाले आले. मालक पुस्तक उघडून इतिहास वाचू लागले. ओटिली शेवटून दुसऱ्या रांगेत, रविवारच्या काळ्या पोशाखात, हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. एकोणिसावं पान आलं.

"प्रयोगशाळेत आठ वर्षं अखंड..." मालक खाकरले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा खाकरले. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"हे खोटं आहे. हा शोध फोगेलविझेच्या जत्रेत लागला. तो ओटिली क्रेचमर यांचा. त्या पिंप विसरल्या आणि त्याबद्दल मी त्यांना काढून टाकलं. मी स्वतः तेव्हा त्यांच्यापुढच्या हंसावर बसलो होतो."

"लाइपझिग!" पहिल्या रांगेतून बाईसाहेब ओरडल्या.

मंत्री इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. सगळं सभागृह मागे वळून ओटिलीकडे बघू लागलं. ती हसली नाही. ती रडली, तेही चारचौघांत, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

पुस्तकं त्या दिवशी वाटली गेली नाहीत. प्रत्येक प्रतीत एकोणिसाव्या पानावर खऱ्या मजकुराची चिठ्ठी डकवायचं काम अंडी फोडणाऱ्या बायकांकडे आलं. डकवायला काही चिकट हवं होतं, आणि हाताशी होतं ते कोळशाच्या खोलीतल्या पिंपातलं उरलेलं पांढरं. आठवड्याभरात तीनशे घरांतून तक्रारी आल्या की पुस्तक छान आहे, पण त्यात काहीतरी मेलं आहे. बाईसाहेबांनी घरातली प्रत गॅलरीत ठेवली आणि मालकांनाही दोन दिवस तिथेच जेवण दिलं म्हणतात.

ओटिलीने आपली प्रत घरी नेली, हात धुतले आणि एकोणिसावं पान उघडलं. ओळीखाली बोट धरून स्वतःचं नाव वाचलं. मग वाकून एकदाच हुंगलं आणि म्हणाली, "पिकलं."